पुढच्या खोलीतलं ट्रम्पेट

यंदा सोलाणे बाजारात लवकर आले. शाळा सुटल्यावर घरी येताना बसस्थानकाच्या कोपऱ्यावर एक बाई हरभऱ्याच्या जुड्या मांडून बसलेली दिसली. पाला अजून ओलसर होता. जुडी उचलली तशी बोटांना आंब लागली, आंबट आणि किंचित चुरचुरणारी. घरी येऊन जुडी ओट्यावर ठेवली आणि तशीच बसून राहिले. सोलायचं जिवावर आलं. "आई, हल्ली तुला सगळ्याचाच कंटाळा येतो," असं मुलगी फोनवर म्हणते. तिला कसं सांगू, की हा कंटाळा नव्हे, थकवा आहे. कंटाळ्याला काहीतरी नवं हवं असतं. थकव्याला काहीच नको असतं.

आज सोमवार. सोमवार आणि गुरुवार हे दोन वार माझ्या अंगातून अजून गेलेले नाहीत. पहाटे आपोआप जाग येते आणि पाय जमिनीला लागल्यावर आठवतं, की आता जालन्याला जायचं नाही.

माझे यजमान सुधाकर देऊळगाव राजाच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. जालना, बुलढाणा, चिखली, मेहकर, कुठलीही गाडी लागली की भोंग्यातून त्यांचा आवाज यायचा. गावातले लोक त्यांना चेहऱ्यापेक्षा आवाजानं जास्त ओळखायचे. भाजीवाल्याकडे त्यांनी नुसतं "मेथी कशी?" म्हटलं, तरी मागची बाई वळून बघायची. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना त्यांची मूत्रपिंडं गेली आणि आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस सुरू झालं. पहाटेची गाडी धरायची, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बियाण्यांच्या शेतांवर ताणलेली जाळीची शेडनेटं अंधारातून हळूहळू पांढरी होताना बघायची, मग केंद्रातल्या बाकावर बसून राहायचं. मुख्याध्यापकांनी माझे तास दुपारी लावून दिले होते. परतल्यावर सुधाकरांना पलंगावर निजवायचं, दोन घास खायचे आणि शाळेत जाऊन नववीला समीकरणं शिकवायची. फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातात धरून मी कितीदा नुसतीच उभी राहिले असेन. पोरं शहाणी होती. गप्प बसायची.

त्या काळात आमच्या घरात आवाजच उरला नव्हता. सुधाकर बोलेनासे झाले होते. पाणी मोजून प्यायचं होतं, पालेभाजी वर्ज्य होती. माघात सगळ्या गावाच्या ताटात हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा असायचा आणि आमच्याकडे दोनदा उकळून पाणी फेकलेली भाजी. मीही मग तेच खायची.

याच दिवसांत आमच्याकडे केतकी यायला लागली. डॉक्टर केतकी, पुण्याची, सरकारी रुग्णालयात वर्षभराच्या नेमणुकीवर आलेली. आमच्या मागच्याच गल्लीत खोली घेऊन राहायची. सुधाकरांना ताप आला म्हणून एकदा बोलावलं, तेव्हापासून संध्याकाळी जाता जाता डोकावायची. डायलिसिसच्या माणसाच्या हातात एक शीर धमनीला जोडून मोठी केलेली असते. तिच्यावर बोट ठेवलं की आत सतत भुणभुण जाणवते. ती चालू आहे ना, हे रोज बघायचं असतं. त्या दिवशी सुधाकरांच्या हातावर बोट ठेवून ती म्हणाली, "काका, मस्त वाजतेय." आणि वर बघताना तिला कपाटावरची माझी व्हायोलिनची पेटी दिसली.

"कोण वाजवतं?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "मी वाजवायची. मामांनी शिकवलं होतं. बालाजीच्या देवळात कीर्तनाला ते साथीला बसायचे, मग मीही बसायला लागले. आता वेळ कुठे आहे?"

दुसऱ्या संध्याकाळी ती स्वतःच्या उंचीचा एक काळा खोका पाठीवर घेऊन दारात उभी राहिली. गल्लीतल्या बाया बघायला बाहेर आल्या. तो चेलो होता. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणावा असा, पण आवाज एखाद्या समजूतदार माणसाच्या घशातून यावा तसा. तिच्या एका मैत्रिणीनं ट्रम्पेट, व्हायोलिन आणि चेलो अशा तिघांसाठी एक रचना केली होती. अजून कुणी वाजवली नव्हती. पुण्यात कुणाची वेळ जुळेना, आणि शेवटी केतकीची नेमणूक इकडे झाली.

"कोणत्या रागात आहे?" मी विचारलं.

"कोणत्याच नाही, काकू."

"ताल?"

"तोही नाही म्हटलं तरी चालेल. श्वास आहे."

मला हसू आलं. दोघी तर झालो, पण देऊळगावात ट्रम्पेटवाला कुठून आणायचा? लग्नाचे बँड होते, पण लग्नसराईत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मग एक दिवस कुत्रा चावला म्हणून एक उंच, पिळदार मिशांचा माणूस रुग्णालयात आला. गाव सुलतानपूर, इथे लेकीकडे आलेला. सुई टोचता टोचता केतकीनं विचारलं, "काय करता?"

"फौजेतून रिटायर झालो. शेती करतो."

"फौजेत काय होतात?"

"बँडमधी. ट्रम्पेट वाजवत होतो."

केतकी सांगायची, की सुई तशीच दंडात ठेवून ती बघत राहिली आणि शेवटी ते ओरडले, "काढा नं बाई आता!"

गजाननराव असे आले. पहिल्याच रविवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत उभे राहून त्यांनी छाती भरून एक सूर मारला, आणि फडताळातल्या वाट्या थरथरल्या. शेजारची मुलं खिडकीला लटकली. आतल्या खोलीतून सुधाकरांचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी मोठा: "कोणती गाडी लागली?"

गजाननरावांनी ट्रम्पेट खाली घेतलं. "नाही जमत ताई. खोलीत ट्रम्पेट वाजवनं म्हंजे कपाटात घोडा बांधल्यावानी आहे. आन्‌ आत आजारी मानूस. कुठं मैदानात चला."

"मला घर सोडून येता येत नाही," मी म्हणाले.

ते थोडा वेळ मिशा चावत उभे राहिले. मग पेटीतून पत्र्याचं एक झाकणासारखं काढलं आणि ट्रम्पेटच्या तोंडात बसवलं. "म्यूट म्हंतेत याले. फौजेत कदी लागला नाही. फौजेत कोनी हळू वाजव म्हंत नाही."

अशी आमची तालीम सुरू झाली. मी मामांनी लावलेल्या सवयीनं सतरंजीवर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून. केतकी खुर्चीत. गजाननराव उभे. तिघांच्या तीन उंच्या. केतकीनं माझा भाग सा-रे-ग-म मध्ये लिहून दिला होता. थंडीनं ट्रम्पेट उतरायचं, तर कधी माझी तार उतरायची. गजाननरावांचे ओठ फुटायचे, त्यांना मी तूप द्यायची. ट्रम्पेटमध्ये फुंकीनं साचलेलं पाणी ते मधूनमधून सांडायचे, म्हणून त्यांच्या पायाशी एक जुनं पोतेरं टाकून ठेवलेलं असे. एकदा केतकी म्हणाली, "या जगात कुठल्याही वादकाला इतकी सोय मिळत नसेल." गजाननराव गंभीरपणे म्हणाले, "हाव. पलटनीत तं कदीच नव्हती."

रचनेचा मधला भाग अवघड होता. त्यात ट्रम्पेटला एकच सूर धरायचा होता, शक्य तितका हळू. आम्ही दोघींनी त्याच्या भोवती फिरायचं. सुरुवातीला सगळं विस्कटायचं. गजाननरावांचा दम संपायचा आणि आम्ही पुढे निघून गेलेल्या असायचो. व्हायोलिनच्या गजाला दमच नसतो ना. एका टोकाला पोचला की उलटा फिरवायचा, झालं. तार वाजवणाऱ्याला श्वासाची आठवण राहत नाही. केतकीनं वाजवणं थांबवलं आणि म्हणाली, "काकू, ते श्वास घेतील तेव्हा आपणही घ्यायचा. गजही तेव्हाच उचलायचा." मी करून बघितलं. ते श्वास घेताना त्यांचे खांदे किंचित वर जायचे, आणि त्याबरोबर माझेही जायला लागले. कितीतरी महिन्यांत मी पोटभर श्वास घेतलेला नव्हता, हे तेव्हा कळलं.

चहा पिताना गजाननराव एकदा म्हणाले, "ताई, इतकी वर्सं वाजवलं, पन मले माहा आवाज कदी ऐकूच आला नाही. आजूबाजूले पन्नास जन वाजवत राहेत. चुकलं तं हवालदार ओरडे, बरोबर वाजलं तं कोनाले मालूम नाही. रिटायर झाल्यावर गावात कोनी जुना फौजी वारला का मले बोलावतेत. बिगुल वाजवा म्हंतेत. मी जातो. पन थकून गेलो, ताई. मैताचं झालं, लग्नाचं झालं, झेंड्याचं झालं. हे काय हाय मले समजत नाही, पन हे कोनासाठीच नाही. म्हनून येतो."

सुधाकर पहिले दोन रविवार चिडलेले होते. मग एकदा म्हणाले, "मधलं दार लोटू नका." पुढच्या खेपेला पलंगाची उशी दाराच्या बाजूला करून घेतली. आणि एका रविवारी आम्ही वाद्यं आवरत होतो, तर आतून म्हणाले, "तो भाग परत वाजवा, गाडी येत नाही तो."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. केतकीला आधी समजलं. मधला भाग. सगळं आयुष्य त्यांनी येणाऱ्या गाड्यांची नावं पुकारण्यात घालवलं, पण गाडी येईपर्यंत वाट बघत बसलेली माणसंही रोज त्यांच्याच डोळ्यांसमोर असत.

शाळेच्या सभागृहात एका रविवारी हे सगळ्यांसमोर वाजवायचं ठरलं. मुख्याध्यापक हो म्हणाले. मी कपाटातून बरी साडी काढून ठेवली. आणि त्या आठवड्यातल्या गुरुवारी पहाटे सुधाकर उठले नाहीत.

"अहो, गाडीची वेळ झाली."

"मला यायचं नाही."

"आज बरं वाटत नाही का?"

"आज नाही, उद्या नाही. कधीच यायचं नाही मला. पुरे झालं, सुमन."

मी स्वेटर घालून, पिशवी खांद्याला लावून उभी होते. दूरवर गाडी निघाल्याचा आवाज आला. मी खाली बसले आणि म्हणाले, "तुम्ही दमलात. मीही दमलेय. पण मी कुणाला सांगू पुरे झालं म्हणून?" ते भिंतीकडे वळले.

उजाडल्यावर केतकीला फोन केला. ती आली, पलंगाच्या कडेला बसली. माझी अपेक्षा होती ती त्यांना रागवेल. ती रागावली नाही. "काका, थांबायचं की नाही हे तुम्हीच ठरवायचं. माझं काम फक्त पुढे काय होतं ते सांगायचं आहे." आणि तिनं सांगितलं. पाणी कसं साचत जातं, श्वास कसा लागतो, गुंगी कशी येते. एकही शब्द मऊ केला नाही. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "रविवारचं वाजवणं रद्द करू नका."

शुक्रवारी गजाननराव आले. मी त्यांना दारातच सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुम्ही तरी समजवा." ते आत गेले, स्टूल ओढून बसले. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी.

"साहेब, एक विचारतो. मधल्या भागात मी तो लंबा सूर धरतो, तो तुमाले इथं ऐकू येते का?"

"येतो."

"संपते कवा, ते समजते का?"

"नाही. संपून गेला हे मागाहून लक्षात येतं."

"मंग बराबर वाजून राह्यलं," असं म्हणून ते उठलेच. बाहेर येऊन मला म्हणाले, "मले समजावता येत नाही ताई. मी बँडवाला मानूस." मला त्यांचा फार राग आला होता.

शनिवारी पहाटे सुधाकर पलंगावर बसून होते. आडवं होता येत नव्हतं. धाप लागली होती. "चल," म्हणाले, "जालन्याला फोन कर." ते का बदलले हे मी कधी विचारलं नाही. एखादं मोठं कारण नसावंच. दम लागला होता, एवढंच. गजाननराव जावयाची गाडी घेऊन आले, केंद्रानं मधेच जागा करून दिली, आणि तो सबंध दिवस आम्ही तिथे बाकावर बसून काढला. गजाननराव भिंतीला डोकं टेकून झोपले होते. झोपेतही त्यांचे ओठ मधूनच ताणले जात होते.

रविवारी सुधाकरांजवळ शेजारच्या बाईंना बसवून मी शाळेत गेले. "मी सगळं ऐकलंय," ते म्हणाले, "आता लोकांना ऐकू दे." सभागृह अर्धं भरलं होतं. शिक्षक, रुग्णालयातल्या नर्स, गजाननरावांच्या लेकीचं सासर, टोप्या घालून आलेले काही जुने फौजी. फौजींना कवायतीची धून हवी होती, पोरांना सिनेमातली गाणी. कुणाचा तरी फोन वाजला, मागच्या रांगेत खुर्च्या सरकल्या. पहिला भाग कसाबसा पार पडला. मधला सुरू झाला. गजाननरावांनी सूर धरला, आम्ही फिरू लागलो, आणि अर्ध्यातच तो सूर चरचरला आणि तुटला.

त्यांचे खांदे खाली आले. आणि केतकीचा गज व माझा गज दोन्ही त्याच क्षणी तारेवरून उचलले गेले. आम्ही ठरवलं नव्हतं. इतक्या रविवारांची सवय होती ती. सभागृह एकदम गप्प झालं. गजाननरावांनी डोळे मिटले, नाकानं लांब श्वास घेतला. आम्हीही घेतला. मग सूर पुन्हा आला, आधीपेक्षाही बारीक, आणि आम्ही त्याच्यामागून निघालो.

संपल्यावर एक म्हातारे फौजी पुढे येऊन म्हणाले, "बाकी काई समजलं नाही, पन मधात थांबले, ते लय भारी होतं." केतकी तोंड वळवून हसली की रडली, मला दिसलं नाही.

घरी आल्यावर सुधाकरांनी विचारलं, "कसं झालं?"

"मधे दम तुटला त्यांचा."

"मग काय केलं तुम्ही?"

"थांबलो. त्यांनी श्वास घेतला. मग परत धरलं."

"कोणी काही म्हणालं नाही?"

"कुणाला कळलंच नाही."

ते हसले. हसताना खोकला आला, पण हसले. साडी न बदलता मी त्यांच्या पायाशी आडवी झाले आणि दिवेलागणीपर्यंत दोघंही झोपलो.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतरच्या वैशाखात केतकीची नेमणूक संपली. मागच्या आठवड्यात तिनं मला एक ध्वनिफीत पाठवली. तीच रचना, कुठल्याशा मोठ्या शहरात, नावाजलेल्या वादकांनी वाजवलेली. मी ऐकली. आमच्यापेक्षा कितीतरी चांगली वाजवली आहे, खोटं कशाला बोलू. माझ्याकडून कधीच न निघालेल्या जागा त्या व्हायोलिनवालीनं सहज घेतल्या आहेत. मधल्या भागातला ट्रम्पेटचा सूर कापसाच्या धाग्यासारखा शेवटपर्यंत एकसारखा जातो. दुसऱ्यांदा लावायची मात्र इच्छा झाली नाही. त्यांच्यातलं कुणीच दमलेलं नव्हतं.

गजाननराव अजून सुलतानपूरला आहेत. थोड्या दिवसांत हरभरा सोंगायची घाई लागेल. पुढचे दोन दात पडले, असं फोनवर म्हणाले. आता फुंक धरवत नाही. "बरं झालं, ताई. मैताचं बोलावनं बंद झालं."

आणि सुधाकर. त्या रविवारनंतर ते वर्षभराहून अधिक काळ जालन्याला येत राहिले. कुरकुर केली, पण आले. मग गेल्या चैत्रात एका सकाळी, गाडीला अजून वेळ असताना, ते म्हणाले, "सुमन, आता पुरे."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. या वेळी ते भिंतीकडे वळले नव्हते. मी विचारलं, "दमलात म्हणून?"

"नाही. पुरे म्हणून."

मी खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला लावली. जालन्याच्या डॉक्टरांना कळवलं. मुलीला बोलावून घेतलं. ती भांडली, रडली, मग तीही त्यांच्याजवळ बसून राहिली. माठातलं पाणी मी त्यांना मागतील तितकं दिलं. पहिला पेला पिऊन झाल्यावर त्यांनी इतका समाधानाचा उसासा टाकला, की मुलगी उठून बाहेर गेली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले. "तो मधला भाग वाजव."

"एकटीनं कसा वाजवू? माझा भाग नुसता तुकड्या-तुकड्यांचा आहे. मधे सगळ्या जागा मोकळ्या राहतील."

"तू तुझं वाजव," ते म्हणाले. "त्यांचं मी बघतो."

मी सतरंजीवर बसले. तार लावली. माझा पहिला तुकडा वाजवला आणि थांबले. इथे ट्रम्पेट यायचं होतं. सुधाकरांनी चादरीवरचं एक बोट उचललं आणि वरच धरलं. मी गज हवेत धरून श्वास घेतला. खोलीत काहीच वाजत नव्हतं. ते मात्र डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मलाही कळत होतं, की सूर अजून चालू आहे. मग बोट हळूच खाली आलं, आणि मी माझा पुढचा भाग वाजवला.